भिडू निवडण्याचा प्रश्न

हुतूतूच्या खेळांत दोन गडी पुढें होऊन आळीपाळीनें भिडू मागून घेतात, ही रीत आमच्या वाचकांपैकीं कोणास ठाऊक नाहीं असें नाहीं. कोणाचा दम मोठा, कोणाची पकड घट्ट, कोण ऐन वेळीं मागें सरणारा, हें सर्व त्या चार क्षणांत चव्हाट्यावर येतें. मुलांचा खेळ म्हणून आपण तिकडे कानाडोळा करितों; परंतु सोबती निवडणें हें मनुष्याच्या आयुष्यांतील मोठें नीतीचें काम आहे. शेताची सावड, लग्नाची सोयरीक, पतपेढीचे पंच, ह्या सर्वांत तोच प्रश्न निराळ्या वेषानें आपणांपुढें उभा राहतो. आपल्या उपयोगाचा तो निवडावा, कीं आपल्या ओळखीचा तो निवडावा? आणि ज्यास आपण निवडीत नाहीं, त्याचें आपण कांहीं देणें लागतों कीं नाहीं?

अमेरिकेंत विद्यार्थ्यांची एक स्पर्धा चालते, तींत हा प्रश्न फार उघड रीतीनें मांडला जातो. म्हणून तिची हकीकत वाचकांपुढें ठेवून मग आमचें मत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डीन केमन ह्या नांवाच्या संशोधकानें १९८९ सालीं 'फर्स्ट' ही संस्था काढिली. लोक खेळाडूंस जसें डोक्यावर घेतात तसें शास्त्रज्ञ व कारागीर ह्यांसहि मुलांनीं घ्यावें, असा त्याचा हेतु होता. १९९२ सालीं न्यू हँपशर संस्थानांतील मँचेस्टर शहरीं एका शाळेच्या व्यायामगृहांत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. पुढें ती वाढत वाढत अनेक देशांत पसरली. माध्यमिक शाळांतील मुलगे व मुली कांहीं आठवडे खपून एक यंत्र तयार करितात, त्यास रोबो म्हणतात. तें सुमारें ५० किलो वजनाचें असतें, चाकांवर धांवतें, आणि चेंडू किंवा दुसऱ्या वस्तु उचलून ठरलेल्या जागीं टाकितें. सामना अडीच मिनिटांच्या आसपास संपतो. त्यांपैकीं आरंभींचे कांहीं क्षण यंत्रानें मुलांचा हात न लागतां, आधीं शिकवून ठेविलेल्या बेताप्रमाणें आपलें आपण चालावयाचें असतें. खेळ दरवर्षीं नवा असतो.

आतां ह्यांतील विशेष असा कीं, येथें एक संघ एकटा लढत नाहीं. १९९९ पासून जुटीची पद्धत सुरू झाली, व २००५ पासून तीन संघांची जूट दुसऱ्या तीन संघांच्या जुटीशीं खेळते. प्राथमिक सामन्यांत भिडू कोण हें कोणी निवडीत नाहीं. वेळापत्रकच तें ठरवितें. सकाळीं जो खांद्याला खांदा लावून होता तोच दुपारीं समोर उभा राहतो. हे सामने झाले म्हणजे सर्व संघांची गुणानुक्रमें यादी लागते, आणि वरचे आठ संघ नायक होतात. मग सर्व संघांचे प्रतिनिधि मैदानांत जमतात, आणि प्रेक्षकांच्या देखत पहिला नायक आपला भिडू मोठ्यानें पुकारतो. त्याच्या मागून दुसरा, तिसरा, असे आठवा. दुसरी फेरी मात्र उलटी चालते. आठव्यास लागोपाठ दोनदां निवडावयास मिळतें, आणि पहिल्यास शेवटचें बोलावणें येतें. जो वर आहे त्याला आधींच पुष्कळ मिळालें, आतां त्यानें थांबावें, असा त्यांतील भाव आहे. भावांत वांटणी करितांना एकानें वांटे पाडावे व दुसऱ्यानें आधीं उचलावें असा तोडगा काढितात, त्याच कुळांतला हा नियम आम्हांस वाटला.

येणेंप्रमाणें आठ जुटी, म्हणजे चोवीस संघ पुढें जातात. स्पर्धेस चाळीस-पन्नास संघ आलेले असले तर बाकीच्यांनीं आपलें सामान आवरावयाचें.

पहिला प्रश्न सोपा आहे, म्हणून त्यावर फार वेळ घालवीत नाहीं. मित्राला घ्यावें कीं लायक असेल त्याला? ज्याच्या घरीं एक बैल आहे तो सावडीसाठीं दुसरा एक बैलवाला शोधितो. पण बैलांची चाल जुळेल कीं नाहीं हें पाहिल्यावांचून, केवळ तो आपला व्याही आहे म्हणून, त्याच्याशीं सावड करणारा शेतकरी पेरणीच्या दिवसांत पस्तावतो. तसेंच येथें आहे. आणि लायकी म्हणजे सर्वांत बलवान् असणें नव्हे. दोन यंत्रें चेंडू टाकण्यांत पटाईत असलीं तर तिसरें तसेंच घेऊन तिघांची एकाच जागीं गर्दी होते; तेथें आडवें येऊन प्रतिपक्षाची वाट अडविणारें, चिवट, न बिघडणारें साधें यंत्रच हवें असतें. शहाणे संघ तेंच पाहतात. त्यासाठीं त्यांचीं मुलें दोन दिवस प्रेक्षकांच्या बांकांवर बसून प्रत्येक सामन्यांतील सहाहि यंत्रांकडे लक्ष ठेवितात. कोणी किती वस्तु टाकिल्या, कोण मध्येंच बंद पडला, कोणास दंड झाला, सर्व टिपून घेतात, आणि रात्रीं त्यावरून आपल्या पसंतीची यादी बनवितात. ह्या कंटाळवाण्या कामाविषयीं पुढें आणखी बोलावयाचें आहे.

येथेंच खरेपणाचीहि एक लहानशी परीक्षा होते. निवडीच्या आदल्या संध्याकाळीं संघ एकमेकांच्या ठाण्यावर जाऊन चौकशी करितात. ज्याच्या यंत्राचें एक चाक दुपारींच निखळलें आहे त्यानें काय सांगावें? सोयरीक जुळवितांना मध्यस्थ मुलाच्या दम्याविषयीं जसें मौन धरितो तसें धरावें काय? आम्ही म्हणतों, धरूं नये. कारण हें मौन ज्याच्याविरुद्ध आपण खेळणार त्याला फसवीत नाहीं, तर ज्याच्याबरोबर खेळणार त्यालाच फसवितें.

आतां गांठ येते ती अशी. बोलाविलेल्या संघानें 'नाहीं' म्हटलें तर पुन्हा दुसऱ्या कोणास त्याला बोलावितां येत नाहीं, असा नियम आहे. तो स्वतः वरच्या आठांत असला तर नायक राहून आपली जूट बांधूं शकतो. नसला तर त्याचा खेळ तेथेंच संपला. नियमाचा हेतु चांगला आहे. खालच्या संघानें वरच्याचें बोलावणें झिडकारून आपल्या आवडत्याची वाट पाहत बसूं नये, एवढाच तो. परंतु चतुर लोकांनीं त्यांतून एक निराळीच वाट काढिली. समजा, पहिल्या नायकास भीति आहे कीं दुसरा व तिसरा नायक एकत्र आले तर आपण हरूं. मग तो आधीं तिसऱ्याला बोलावितो. तिसरा नकार देतो, कारण त्याला दुसऱ्याबरोबर जावयाचें असतें. पण नकार दिल्यामुळें दुसऱ्याचेंहि बोलावणें आतां त्याला घेतां येत नाहीं. एका नकारानें पुढचा जोड मोडला. मग पहिला नायक ज्याला खरोखर घ्यावयाचें त्याला बोलावितो. ह्या डावास तिकडे शेतें जाळीत मागें हटणाऱ्या सैन्याच्या रीतीवरून नांव पडलें आहे.

हें करणें योग्य कीं अयोग्य? घाईनें निकाल देणारा म्हणेल, हें उघड कपट आहे. आमंत्रण द्यावयाचें तोंडानें, आणि मनांत इच्छा कीं पाहुण्यानें येऊं नये. परंतु हुतूतूंत चढाई करणारा गडी उजवा पाय दाखवून डावीकडे झेप घेतो, त्यास कोणी लबाड म्हणत नाहीं. कां म्हणत नाहीं? कारण पायानें कोणतें वचन दिलें नव्हतें, आणि हूल ही खेळाचाच भाग आहे हें समोरच्यासहि ठाऊक असतें. आमंत्रणाचें तसें नाहीं. शब्द हें वचन आहे. सर्वांच्या देखत एखाद्या मुलीनें दुसऱ्या शाळेच्या मुलास 'तुम्हीं आमच्याबरोबर यावें' असें म्हटलें, तर त्या वाक्यांत मान आहे, आणि मान हा हूल देण्याचा पदार्थ नव्हे.

तरी आम्ही हा डाव सर्वस्वीं निषिद्ध म्हणत नाहीं. आमची कसोटी अशी कीं, तिसऱ्या नायकानें जर अनपेक्षित 'होय' म्हटलें, तर बोलाविणाऱ्याचा चेहरा उतरेल काय? उतरणार नसेल, व अशा भिडूबरोबर तो मनापासून खेळणार असेल, तर त्याचें आमंत्रण खरें आहे. नकार येईल असा त्याचा अंदाज होता एवढ्यानें तें खोटें होत नाहीं. लग्नाच्या पत्रिका वांटितांना अमुक एक नातलग दूर आहे, येणार नाहीं, हें जाणूनहि आपण त्याला पत्रिका पाठवितों, आणि तो आलाच तर पाट मांडितों. परंतु जो मनांतून म्हणतो कीं 'परमेश्वर करो आणि हा होय न म्हणो', त्यानें शब्दाचा दगड केला आणि तो दुसऱ्याच्या दारांत टाकिला. नियम त्याला अडवीत नाहीं हें खरें. नियमानें पुष्कळ गोष्टी अडविल्या जात नाहींत.

नकार देणाऱ्याविषयीं दोन शब्द. मोठ्यानें बोलाविलें असतां न जाणें हा उर्मटपणा होय, असें आपल्याकडे पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें येथें तसें नाहीं. नकाराची किंमत नियमानेंच ठरवून ठेविली आहे, व ती तो रोख मोजतो. ज्यानें किंमत मोजली त्याच्यावर दोष कसला? मात्र त्यानें तो नकार आभार मानून द्यावा. वुडी फ्लॉवर्स ह्या अध्यापकांनीं (ते २०१९ सालीं वारले) ह्या स्पर्धेंत जो बाणा रुजविला, त्यास मराठींत 'सौजन्ययुक्त कसब' म्हणतां येईल: जीव तोडून खेळावें, आणि खेळतांना समोरच्याचा मान राखावा.

ह्याहून बिकट प्रश्न मुद्दाम हरण्याचा आहे. कधीं कधीं यादींत एक जागा खालीं सरकल्यानें भिडू चांगला मिळेल असा हिशेब निघतो. कधीं गुणांची पद्धतच माणसाला वांकड्या वाटेनें नेते. २०१० सालच्या खेळांत हरणाऱ्या जुटीस यादीसाठीं जिंकणाऱ्याच्या गुणांइतकें श्रेय मिळत असे. ह्यावरून अशी युक्ति निघाली कीं, सहाहि यंत्रांनीं मिळून एकाच बाजूच्या जाळ्यांत चेंडू घालावे. मग हार कोणाची झाली तरी तोटा कोणाचाच नाहीं! पुढें नियमांच्या पुस्तकांत असें स्पष्ट घातलें गेलें कीं, ज्या जुटींत आपण नाहीं तिला कमी प्रतीचा खेळ करण्यास कोणी भरीस घालूं नये. आपल्या जुटीच्या सर्व सभासदांनीं मिळून आपला बेत काय ठरवावा, ह्यांत मात्र तो नियम हात घालीत नाहीं. ही रेषा आम्हांस विचारपूर्वक ओढलेली दिसते. एकट्याचें नुकसान एकट्यानें सोसावें. परंतु प्राथमिक सामन्यांत दोन दुसऱ्या शाळांचीं मुलें वेळापत्रकानें आपल्या गळ्यांत घातलेलीं असतात, त्यांच्या रात्रंदिवस केलेल्या श्रमांवर त्यांस न विचारतां पाणी सोडण्याचा अधिकार कोणास पोंचतो? तथापि सर्वांनीं मिळून हरण्याचें ठरविलें तरी बांकांवर बसलेलीं लहान भावंडें व आईबाप आपलीं मुलें जिंकावयास आलीं आहेत असें समजून टाळ्या वाजवीत असतात. नियमानें त्यांचा विचार केलेला नाहीं. आम्ही केला असता.

आतां उरले ते न निवडलेले. पन्नासांतून चोवीस म्हणजे अर्ध्याहून अधिक संघ ह्या वर्गांत येतात, म्हणून ह्यांचा प्रश्न खरें पाहतां सर्वांत मोठा आहे. कोणताहि नायक त्यांस जागा देणें लागत नाहीं. दयेनें दिलेली जागा दुसऱ्या दोन भिडूंच्या खिशांतून दिलेली असते, आणि ज्याला ती मिळते तोहि मनांत ओळखून असतो. परंतु एक गोष्ट नायक देणें लागतो असें आमचें ठाम मत आहे, ती ही कीं, त्यानें त्यांच्याकडे पाहिलेलें असावें. वर सांगितलेलें बांकांवरचें कंटाळवाणें काम आम्हांस ह्याच कारणासाठीं मोलाचें वाटतें. यादींत चाळिसावा असलेला संघ कदाचित् दोन सामन्यांत दुबळ्या भिडूंमुळें हरला असेल. त्याचें यंत्र उत्तम असेल, पण तें दाखवावयास संधि मिळाली नसेल. केवळ यादी वाचणाऱ्याला हें कळत नाहीं. ज्यानें प्रत्येक सामना डोळ्यांनीं पाहून टिपला त्याला कळतें, आणि दुसऱ्या फेरींत असा संघ कित्येकदां पुकारला जातो, तेव्हां त्या मुलांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसत नाहीं. न पाहतां वगळणें आणि पाहून वगळणें ह्यांत वगळलेल्याच्या पदरीं पडणारें फळ एकच असतें, तरी अन्याय पहिल्यांतच आहे. आमच्या शाळामास्तरांनीं व उपदेशकांनीं मुलांचे गट पाडितांना ही गोष्ट ध्यानांत आणावी. नेहमीं शेवटीं उरणारा तोच मुलगा कां उरतो, हें विचारून पाहावें. बहुधा त्याच्याकडे कोणी नीट पाहिलेलेंच नसतें.

आपल्याकडील मुलांसहि हा विषय अगदींच परका राहिलेला नाहीं. केमन ह्यांच्याच प्रेरणेनें २०१७ सालीं वॉशिंग्टन येथें देशोदेशींच्या संघांची पहिली जागतिक स्पर्धा भरली, तींत भारताच्या वतीनें मुंबईचे विद्यार्थी गेले होते. तेथें तीन देश एका बाजूस व तीन देश दुसऱ्या बाजूस अशी रचना होती. ज्यांची भाषा एकमेकांस येत नाहीं अशीं मुलें खुणांनीं बेत ठरवीत होतीं.

शेवटीं, ज्या जुटीचा जय होतो तिच्या सर्व संघांस विजयी म्हणूनच घोषित करितात. नायकास मोठें व तिसऱ्या भिडूस लहान असें बक्षिस नसतें. पहिल्या नायकाचा दुसरा भिडू हा सर्व निवडींत सोळावा, म्हणजे अगदीं शेवटीं पुकारलेला संघ असतो. आणि पहिली जूट जिंकली म्हणजे त्याचीं मुलें नायकाच्या मुलांइतक्याच हक्कानें विजयाचा फलक घेऊन आपल्या शाळेंत परत जातात.