कोणाचे नाव कोणत्या वहीत?



नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांची नावे लिहून वेदीजवळ ठेवतो. नाव लिहिणे म्हणजे प्रेमाचे काम, असे आपण धरून चालतो. पण नाव नेहमी प्रेमानेच लिहिले जाते का? वेल्स ह्या लहानशा देशातील जुनी दप्तरे पाहिली, तर उत्तर इतके सोपे राहत नाही.

वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय १९०७ साली स्थापन झाले. जमीनदार घराण्यांची कागदपत्रे आणि धर्मप्रांतांची दप्तरे तेथे जपलेली आहेत. १८५८ पूर्वी चर्चच्या न्यायालयांत मंजूर झालेली १,९०,००० हून अधिक मृत्युपत्रेही आहेत. १५४२ ते १८३० पर्यंतच्या 'ग्रेट सेशन्स' न्यायालयाचे दप्तरही तेथेच. राजसत्तेने ठरवून दिलेल्या उपासनेला न जाणाऱ्या कॅथलिकांची नावे न्यायालयात नोंदवून त्यांना दंड केला जाई. शिक्षेसाठी लिहिलेली ती नावे आज श्रद्धेची साक्ष देतात. १६७९ साली कार्डिफ येथे फादर फिलिप इव्हान्स व फादर जॉन लॉईड ह्यांना देहदंड झाला. १९७० साली ते संत म्हणून घोषित झाले.

येथवर ऐकायला बरे वाटते, कारण सोसणारे आपले होते.

आता बँगर विद्यापीठातील पेन्रिन इस्टेटीचे दप्तर पाहू. पहिले लॉर्ड पेन्रिन, रिचर्ड पेनंट (१७३७-१८०८), ह्यांच्या उत्तर वेल्समध्ये पाटीच्या दगडाच्या खाणी होत्या आणि जमैकात गुलामांच्या श्रमावर चालणारे उसाचे मळे. तेथील कारभाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार ह्याच दप्तरात आहे. गुलामांचा व्यापार बंद करण्यास पेनंट ह्यांनी पार्लमेंटमध्ये विरोध केला. पुढे गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा त्यांचे वारस जॉर्ज डॉकिन्स-पेनंट ह्यांना ७६४ माणसांपोटी १४,६८३ पौंड भरपाई मिळाली. भरपाई मालकाला! त्या ७६४ जणांना एक छदामही नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दाखला आठवा. दाराशी पडलेल्या भिकाऱ्याला येशू नाव देतो: लाझरस. श्रीमंताला नाव नाही. भरपाईच्या कागदावर नेमके उलटे.

मग असली कागदपत्रे जाळून टाकावीत का? पूर्वजांची पापे उगाळून काय मिळणार, असे पुष्कळजण विचारतात आणि त्याला क्षमा म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. क्षमा करण्याचा हक्क सोसणाऱ्याचा. तो मालकाच्या घराण्याने परस्पर घ्यायचा नसतो. ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस मानत. मृतांना पैसा देता येत नाही, स्वातंत्र्यही नाही. खरे काय घडले ते न लपवणे, एवढेच हाती उरते. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांची उघड क्षमा मागितली. तीही आठवणीने मागितली, विसरून नव्हे.

आणि एक अवघड गोष्ट. अशी दप्तरे वाचताना आपण स्वतःला न कळत संतांच्या रांगेत उभे करतो. मळ्यावरची साखर स्वस्त मिळते म्हणून आनंदाने घेणारेही स्नानसंस्कार झालेलेच होते.

ह्या महिन्यातील एक मिस्सा त्या ७६४ जणांसाठी अर्पण करू. त्यांची नावे आपल्यापाशी नाहीत. वेदीवरून भरपाईच्या कागदावरचा आकडाच वाचावा लागेल.