बाजेचा चौथा कोपरा

(मार्क 2 : 1–12)

कफर्णहूम येथील पक्षघाती मनुष्याची गोष्ट आपल्या मंडळ्यांतून इतक्या वेळां वाचली जाते कीं, तींतील बाज वाहणाऱ्यांकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं. ते आजाऱ्याचे भाऊ होते, मुलगे होते किंवा शेजारी होते, हें मार्क सांगत नाहीं. वाहणारे चौघे होते, एवढें मात्र तो मुद्दाम लिहून ठेवितो, व प्रभूनें विश्वास पाहिला तो त्यांचाही, असें त्याच्या शब्दांवरून दिसतें. निजलेला मनुष्य त्या सबंध वृत्तांतांत एक शब्दही बोलत नाहीं.

ज्या घरांत बाप कर्करोगानें अंथरुणास खिळला आहे, अशा घरांविषयीं आज आम्हांस बोलावयाचें आहे. तंबाखू व मिश्री यांपायीं तोंडाचा कर्करोग आपल्या खेड्यांस अपरिचित राहिलेला नाहीं. शहरांत शस्त्रक्रिया होते. किरणोपचार आठवड्यास पांच दिवस याप्रमाणें बहुधा सहा सात आठवडे चालतात. मग बाप घरीं येतो आणि पुढचें सर्व ओझें घरावर पडतें. तोंड आंतून सोललेलें असतें. भाकरी उतरत नाहीं, पेज निववून चमच्यानें भरवावी लागते, रात्रींतून दोनतीनदां उठावें लागतें.

अशा बहुतेक घरांत बाजेचे चारही कोपरे एकटी बाईच धरून असते. कोठें पत्नी, कोठें सून. मुलगा मजुरीस न जाईल तर चूल पेटत नाहीं. मंडळी रविवारीं त्या घराचें नांव घेऊन प्रार्थना करिते आणि आपापल्या घरीं जाते. प्रार्थनेस आम्ही हलकें लेखीत नाहीं. पण त्या चौघांनीं प्रभूकडे जातांना बाज बरोबर नेली होती.

केरळांत कालिकत येथें 1993 सालीं कांहीं डॉक्टरांनीं असाध्य दुखण्याच्या लोकांच्या वेदना शमविण्याचें काम आरंभिलें. पुढें मलप्पुरम जिल्ह्यांत साध्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच शिकवून आजाऱ्यांच्या घरीं पाठविण्याची पद्धत वाढली. आजाऱ्याजवळ बसणें, साधी शुश्रूषा करणें, घरांत दाणा नसल्यास तो पोंचविणें, हीं त्यांचीं कामें. त्यांत सर्व धर्मांचे लोक आहेत. आपल्या मंडळीला हें अशक्य कां वाटावें, हें आम्हांस समजत नाहीं. ज्यास लिहितां वाचतां येतें त्यानें शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करून द्यावी. तिच्यांत कर्करोगाचे पुष्कळ उपचार विनामूल्य होतात. ज्याच्याजवळ वाहन आहे त्यानें रात्रीं हांक आल्यास निघण्याची तयारी ठेवावी. कारण किमोथेरपीच्या दिवसांत ताप 100.4 अंशांवर गेला तर सकाळची वाट पाहणें जिवावर बेततें. आणि कोणा बहिणीनें आठवड्यांतून एक रात्र तेथें जागावें, म्हणजे घरची बाई झोंपेल. हा रोग लागट नाहीं; आजाऱ्याचें ताट वेगळें मांडण्याचें कारण नाहीं.

आतां बापाविषयीं. ज्यानें जन्मभर इतरांस वाढलें, त्यास घांस भरवून घेण्याची लाज वाटते. सुनेनें वस्त्र बदलावें याची तर मरणाहून अधिक. म्हणून तो चिडतो, ताट लोटतो, आणि घरचे म्हणतात, स्वभाव बिघडला. रोगाचें नांव त्याच्यापासून लपविण्याची आपल्याकडे रीत आहे. पण तो तें सर्वांच्या तोंडांवर वाचतो, आणि त्यांस दुःख होऊं नये म्हणून आपणही न समजल्याचें सोंग करितो. एकाच खोलींत सर्व जण एकमेकांपासून दडून बसतात. मुलीचें लग्न, शेताची वांटणी, कोणाशीं धरलेला अबोला, हें सारें त्याच्या मनांत असतें. तो विचारील तेव्हां त्यास खरें सांगावें, आणि बोलूं द्यावें. तो मौनानें राहील तर जवळ बसावें. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्यानें बसले, तोंवर त्यांचें कांहींच चुकलें नव्हतें.

वेदना सोसणें म्हणजे विश्वास, असेंही कित्येक समजतात. आम्हांस तें मान्य नाहीं. मॉर्फीन अफूपासून निघतें म्हणून घरचे भितात; परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, घड्याळ पाहून, दुखणें वाढण्यापूर्वीं दिल्यास आजारी झोंपतो, बोलतो, प्रार्थनाही करूं शकतो. व्यसनाचें भय तेथें फार थोडें. शौचास घट्ट होतें, त्याचें औषध बरोबरच मागावें. तिच्यासंबंधीं 1985 चा कडक कायदा 2014 सालीं सौम्य करण्यांत आला, तो अशाच दुखणाइतांसाठीं. औषध सोडा म्हणजे बरे व्हाल, असें सांगणाऱ्या उपदेशकास मात्र उंबऱ्याबाहेर ठेवावें.

कफर्णहूमचा मनुष्य बाज उचलून घरीं गेला. आपल्यांतील कांहीं बाप बरे होतात. कांहीं होत नाहींत. ती बाज मात्र दोन्ही प्रसंगीं वाहावीच लागते.

त्या घरीं प्रार्थनेस जाल तेव्हां पंधरा मिनिटांत आटोपा. आजारी मनुष्य पाहुण्यांच्या मानाकरितां उठून बसतो, आणि तुम्ही वेशीपर्यंत पोंचेपावेतों त्यास पुन्हा आडवें करण्यास घरांत एकटी बाईच असते. चहास थांबूं नका. निघतांना तिला विचारा, पाणी भरून ठेवूं काय?