आशेचें खातें

वर्षाचा आरंभ कोणत्या दिवशीं मानावा, ह्याविषयीं मनुष्यांत कधींच एकमत झालें नाहीं. आणि थोडा विचार केला असतां असें दिसतें कीं, ज्याला ज्या दिवशीं आपली शिल्लक मोजतां येते, त्याचें वर्ष त्या दिवशीं पालटतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हिशेबनिसांनीं आषाढी पौर्णिमेस आपल्या वह्या घेऊन हजर व्हावें, असा नियम आहे. हिंदुस्थान सरकारचें हिशेबी वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला सुरू होतें. आमच्या मीरा-भाईंदरांत तर अशीं तीन-चार वर्षें एकाच गांवीं नांदतात. पेठेंतील व्यापारी दिवाळींत वहीपूजन करतो. उत्तनच्या कोळ्याचें वर्ष, पावसाळ्यांतील मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपून होड्या समुद्रांत लोटल्या म्हणजे उघडतें. खाडीकांठच्या मिठागरवाल्याचें वर्ष पावसाच्या पहिल्या सरीबरोबर मिटतें. कारण तोंवर वाफ्यांतून जें मीठ ओढून काढलें, तेवढेंच त्याचें. आपली शिल्लक केव्हां मोजावी हें ह्या सर्वांस ठाऊक आहे. ठाऊक नाहीं तें केवळ आम्हां पगारदार गृहस्थांस. म्हणून पाडव्याच्या दिवशीं गुढी उभारून झाली कीं वही उघडून बसण्याचा परिपाठ मीं आपल्यापुरता ठेविला आहे.

२०२५ सालीं पाडवा ३० मार्चला, रविवारीं आला. सरकारी वर्ष संपावयास एकच दिवस उरला होता, तेव्हां हिशेबाला दुहेरी मुहूर्त लाभला. माझी वही साधी आहे: डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, आणि शेवटीं ‘पुढील वर्षाची अपेक्षा’ ह्या मथळ्याचें एक पान. खर्चांत सर्वांत मोठी रक्कम घराच्या हप्त्याची. कर्ज २० लाखांचें, व्याज दरसाल दरशेंकडा ९, मुदत २० वर्षांची. हप्ता सुमारें १८,००० रुपयांचा. पैकीं पहिल्या महिन्यांत १५,००० नुसत्या व्याजांत गेले आणि मुद्दल फिटलें तें जेमतेम ३,०००. व्याजाचा दर असाच राहिला तर २० लाखांचे ४३ लाख भरून घर माझें होईल. परंतु त्याच्या चार वर्षें आधींच माझी नोकरी संपते. ह्या अडचणीवर तोड म्हणून अपेक्षेच्या पानावर मीं मोठ्या निश्चिंतपणें लिहिलें होतें: ‘मुलीचा पगार, जूनपासून, दरमहा १५,०००.’

चहा घेऊन आलेल्या मुलीनें ती ओळ वाचली. ती म्हणाली, “बाबा, मला अजून दोन वर्षें शिकायचं आहे, हें मीं तुम्हांला दिवाळींतच सांगितलं होतं. मग ही रक्कम तुम्हीं कोणाला विचारून लिहिली?” तिच्या स्वरांत राग नव्हता, खरोखरच विचारावें तसें तिनें विचारलें. मला उत्तर सुचलें नाहीं, आणि तेव्हांपासून तो प्रश्न माझ्या मनांतून गेलेला नाहीं. दुसऱ्याच्या आयुष्यावर आपली आशा मांडण्याचा अधिकार मनुष्यास कितपत आहे?

लुका पाचोली नांवाच्या इटालियन संन्याशानें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापविलेल्या गणिताच्या ग्रंथांत दुहेरी नोंदीच्या जमाखर्चाचें वर्णन केलें आहे. त्या पद्धतीचें मर्म इतकेंच कीं, एका खात्यांत जी रक्कम जमा होते, ती दुसऱ्या कोणत्या तरी खात्याच्या नांवें पडल्यावांचून राहत नाहीं. आम्ही गृहस्थ मात्र आशेचा हिशेब एकेरी ठेवितों. जमेची बाजू डोळे भरून पाहतों. ती रक्कम कोणाच्या नांवें पडली, हें पाहावयास पान उलटीत नाहीं. माझ्या त्या एका ओळीनें मुलीचीं दोन वर्षें परस्पर खर्ची पडलीं होतीं.

ह्यावर कोणी म्हणेल, कुटुंब म्हणजे दुकान नव्हे. मुलांना वाढवितांना आईबापांनीं कोठें हिशेब ठेविला? मग मुलांनींच तो कां मागावा? आक्षेप वजनदार आहे, पण तो उलट माझ्याच अंगावर येतो. घर हें दुकान नसेल, तर मुलांचें संगोपन हें भांडवलही नव्हे, आणि त्यावर व्याज मोजण्याचा मला अधिकार नाहीं. आपल्या प्राचीनांनीं मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मास येतो असें मानलें. पण तीं फेडण्याची जी रीत सांगितली, तिच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. ऋषींचें ऋण अध्ययनानें फिटतें, देवांचें यज्ञानें आणि पितरांचें संततीनें. म्हणजे बापाचें देणें मागें बापाला परत करावयाचें नसून पुढच्या पिढीला द्यावयाचें आहे. ह्या दृष्टीनें पाहिल्यास माझी मुलगी शिकावयास निघाली ती देणें टाळण्यासाठीं नव्हे. तीही एक ऋण फेडावयासच निघाली होती.

मग मीं ती वही पुन्हा चाळली, तेव्हां दुसरीही एक गोष्ट ध्यानांत आली. जें माझें नव्हतें तें मीं लिहिलें होतें, आणि जें खरें देणें होतें तें कोठेंच नव्हतें. २००१ च्या शिरगणतींत ह्या शहराची वस्ती ५,२०,३८८ होती. २०११ च्या शिरगणतींत ती ८,०९,३७८ झाली. मुंबईच्या चाळींतून स्वतःच्या दोन खोल्यांसाठीं जे इकडे आले, त्यांतलाच मी एक. ह्या घरापायीं रोजचे तीन तास आगगाडींत जातात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९०० तास, म्हणजे अहोरात्र मोजून साडेसदतीस दिवस. तितके दिवस दरसाल घरच्या माणसांच्या वांट्यांतून गेले, त्यांची नोंद नाहीं. पहिला भरणा करतांना माझ्या आईनें हातांतल्या दोन पाटल्या मोडावयास दिल्या. त्यांचीही नोंद नाहीं. आईकडून मिळालें तें मीं लिहिलें नाहीं, आणि मुलीकडून मिळालें नव्हतें तें लिहिलें.

ती ओळ मीं खोडली. त्यामुळें शेवटच्या चार वर्षांचें कोडें सुटलें असें नाहीं. मुदत वाढवून मागणें किंवा हें घर विकून याहून लहान घेणें, असे दोनच मार्ग समोर आहेत आणि दोन्ही कष्टाचे आहेत. परंतु तें ओझें आतां ज्याचें आहे त्याच्या नांवें मांडलें गेलें. शिकून झाल्यावर मुलगी आपखुषीनें कांहीं देईल, तें दिल्या दिवशीं जमा करीन. पाटल्यांची नोंद मात्र त्याच संध्याकाळीं आईसमोर बसून केली. ती हंसून म्हणाली, “आतां कशाला लिहितोस रे?” तरी पण तिनें वजन बरोबर सांगितलें.

आशा धरूं नये, असें ह्यावरून कोणी समजूं नये. आशेवांचून ह्या खाडीकांठीं एकही घर उभें राहिलें नसतें. मिठागरवालाही भरतीचें पाणी वाफ्यांत घेऊन उन्हाची वाट पाहत बसतो. मात्र तो ऊन आपल्या जमेस धरीत नाहीं. आशा अवश्य असावी, पण तिची नोंद करण्यापूर्वीं ती ज्याच्या नांवें पडणार त्याला विचारावें. आणि तो नाहीं म्हणाला, तर पान कोरें ठेवावें. माझ्या वहींतील तें पान सध्यां कोरें आहे.