देवाचे भय: शिक्षा की वरदान?



दृढीकरण संस्काराच्या तयारीचा वर्ग चालू होता. पवित्र आत्म्याची सात वरदाने मुले पाठ म्हणून दाखवत होती: सुज्ञता, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती आणि देवाचे भय. सातवे नाव आले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "फादर, वरदान म्हणजे चांगली वस्तू ना? मग भय हे वरदान कसे? देव प्रेम आहे असे तुम्हीच सांगता. मग त्याला घाबरायचे कशाला?"

वर्गात हशा पिकला. आम्ही घाईघाईने उत्तर दिले, "इथे भय म्हणजे आदर." मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. आदर तर आपण शाळेच्या मुख्याध्यापकांनाही देतो. तेवढ्यासाठी पवित्र आत्म्याने का यावे? यशया संदेष्ट्याने अकराव्या अध्यायात येणाऱ्या अभिषिक्ताचे वर्णन केले आहे. त्यात तो म्हणतो की, परमेश्वराच्या भयातच त्याला आनंद वाटेल. भय आणि आनंद एकाच वाक्यात! त्या मुलाचे उत्तर आमच्यावर उधार आहे. ते आज आपण सर्व मिळून शोधू या.

धर्मग्रामात फिरताना आम्हाला दोन तऱ्हेची माणसे भेटतात. आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जातो तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या आजीबाई आमचा हात घट्ट धरून विचारतात, "फादर, देव मला घेईल ना?" आयुष्यभर ज्यांनी रोझरी चुकवली नाही, पहाटेची मिस्सा चुकवली नाही, उपाशी माणसाला दारातून परत पाठवले नाही, त्यांच्या डोळ्यांत हे भय का? लहानपणी कोणीतरी त्यांना हातात काठी घेतलेला देव दाखवला आणि पुढची सत्तर वर्षे तीच काठी त्यांच्या मनात राहिली. इथे आम्हा धर्मगुरूंनाही छातीवर हात ठेवून आपला अपराध कबूल करावा लागेल. नरकाच्या आगीची वर्णने आम्ही व्यासपीठावरून कमी केली नाहीत.

दुसऱ्या तऱ्हेचा माणूस ऐन उमेदीतला असतो. तो हसतमुखाने सांगतो, "फादर, देव प्रेमळ आहे. तो समजून घेतो." याच भरवशावर त्याने बहिणीला नीट न सांगता वाडीच्या कागदांवर तिची सही घेतलेली असते. कामाला येणाऱ्या मजुरांचा पगार दोन-दोन महिने थकवलेला असतो. या माणसाचा देव त्याला कधीही, कशालाही 'नाही' म्हणत नाही. जो देव कधीच 'नाही' म्हणत नाही तो खरोखर देव आहे की आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी?

आजीबाईंना प्रेम कळले नाही आणि या भावाला भय कळले नाही. म्हणून दोघांनाही देवाची अर्धीच ओळख झाली.

संत थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातील महान तत्त्वज्ञाने आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात याच प्रश्नाचा विचार केला आहे. त्यांनी दोन प्रकारची भये वेगळी केली: दासाचे भय आणि लेकराचे भय. दास शिक्षेला भितो. लेकरू आपल्या हातून वडिलांचे मन दुखावेल, आपण त्यांच्यापासून दूर जाऊ, याला भिते. दासाच्या भयाच्या केंद्रस्थानी 'माझे काय होईल?' हा प्रश्न असतो. लेकराच्या भयाच्या केंद्रस्थानी 'आमच्या नात्याचे काय होईल?' हा प्रश्न असतो.

आपल्या घरातलाच अनुभव घ्या. लहान असताना आपण आईच्या माराला भितो. मोठे झाल्यावर आई मारत नाही, तिचा हातही थकलेला असतो. पण आपल्या हातून काही वावगे घडले आणि हे आईला कळले तर, या विचाराने काळजात धस्स होते. तिचे डोळे भरून आलेले आपल्याला पाहवत नाहीत. हे भय लहानपणच्या भयापेक्षा कमी आहे की जास्त? आणि ज्याचे आईवर प्रेमच नाही त्याला ते वाटेल का?

म्हणूनच संत थॉमस सांगतात की, प्रेम जसजसे वाढते तसतसे दासाचे भय ओसरते आणि लेकराचे भय वाढत जाते. संत योहानाने पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पूर्ण प्रेम भयाला घालवून देते असे म्हटले आहे, ते शिक्षेच्या भयाविषयी. तिथे त्याने शिक्षेचाच उल्लेख केला आहे. शिक्षेचे भयही अगदी टाकाऊ नाही, असे संत थॉमस मानतात. ते वाईटापासून आपला हात रोखते. पण ती पहिली पायरी झाली. पायरीवरच बसून राहिलो तर घरात कधी जाणार?

आता पावित्र्याकडे वळू या. जुन्या करारातील हिब्रू भाषेत 'पवित्र' या शब्दाचा एक अर्थ वेगळा, राखून ठेवलेला असा आहे. परमेश्वर आपल्यासारखाच पण थोडा मोठा, असे नाही. तो निराळाच आहे. मोशेला जळत्या झुडपापाशी पायातील वहाणा काढाव्या लागल्या आणि त्याने आपले तोंड झाकून घेतले. यशयाने मंदिरात परमेश्वराचे वैभव पाहिले आणि त्याला स्वतःच्या अशुद्ध ओठांची आठवण झाली. जाळी फाटेपर्यंत मासे मिळाले तेव्हा पेत्राने आनंदाने उडी मारली नाही. तो येशूच्या पाया पडला आणि आपण पापी आहोत, आपल्यापासून दूर जा, असे म्हणू लागला. रुडॉल्फ ऑटो या जर्मन विचारवंताने 1917 साली पावित्र्यावर एक पुस्तक लिहिले. पवित्र वस्तूपुढे माणूस थरथरतो आणि त्याच वेळी तिच्याकडे ओढला जातो, हे त्याचे निरीक्षण या सर्व प्रसंगांना लागू पडते. वहाणा काढलेला मोशे पळून गेला नाही. 'दूर जा' म्हणणाऱ्या पेत्राने येशूचे गुडघे सोडले नाहीत. येशूनेही त्याला भिऊ नको म्हटले आणि लगेच काम दिले, माणसे धरण्याचे.

इथे आपल्याला एक कसोटी सापडते. जे भय आपल्याला देवापासून लपायला लावते ते पवित्र आत्म्याचे नव्हे. आदाम भ्याला आणि झाडांमध्ये लपला. जे भय आपल्याला देवाच्या पायाशी आणते ते वरदान होय. प्रभूच्या दुःखसहनाच्या रात्री यहूदाने आणि पेत्रानेही अपराध केला. दोघांनाही पश्चात्ताप झाला. यहूदा अंधारात एकटाच निघून गेला. पेत्र रडला, पण शिष्यांमध्ये राहिला आणि पुढे तिबेरियाच्या किनाऱ्यावर प्रभू दिसताच त्याने पाण्यात उडी घेतली, या वेळी त्याच्याकडे जाण्यासाठी!

पण बंधुभगिनींनो, हे सर्व देवळातच थांबले तर ते अपुरे आहे. लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आपण घरी अवश्य वाचावा. सुरुवातीलाच परमेश्वर इस्राएल लोकांना सांगतो की, मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र असा. आपल्याला वाटेल, आता धूप, दिवे, अर्पणे यांचे नियम येतील. त्यातले थोडे येतातही. पण बरेचसे नियम शेताचे आणि बाजाराचे आहेत. पीक कापताना शेताचे कोपरे गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नका. तराजू आणि मापे खरी ठेवा. आणि मग एक विलक्षण आज्ञा येते: बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका, तर आपल्या देवाचे भय बाळगा.

देवाच्या भयाचा उल्लेख नेमका याच ठिकाणी का? कारण बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही आणि धोंडा कोणी ठेवला हे आंधळ्याला दिसत नाही. तिथे पकडले जाण्याचे भय नाही. जिथे माणसाचे भय संपते तिथे देवाचे भय सुरू होते. आज दुकानांत, चौकांत, सोसायटीच्या दारात कॅमेरे आले आहेत. कॅमेरा पाहून हात आखडता घेणे हे दासाचे भय झाले. कॅमेरा बंद आहे हे ठाऊक असूनही ज्याचा हात थांबतो, त्याला देवाचे भय आहे.

आपल्याकडचे आंधळे आणि बहिरे कोण? हिशोब न समजणारा आदिवासी मजूर, ज्याला आपण सांगू तोच आकडा खरा मानावा लागतो. ज्यांना कागद वाचता येत नाही अशा वृद्ध आईवडिलांचा अंगठा. भावाच्या भरवशावर निर्धास्त असलेली सासरची बहीण. परदेशी गेलेल्या शेजाऱ्याच्या वाडीचा बांध, जो दर पावसाळ्यात वीतभर सरकतो. बांध कोरणाऱ्याला तलाठी पकडेल किंवा पकडणार नाही. पण शेजाऱ्याची सीमा सरकवणाऱ्यावर अनुवाद या पुस्तकात शाप उच्चारला आहे, आणि सर्व लोकांनी त्याला 'आमेन' म्हणावे असे सांगितले आहे. आपणही दर रविवारी मोठ्याने 'आमेन' म्हणतो.

देवाचे भय माणसाला भित्रा बनवते, असे काहींना वाटते. पवित्र शास्त्र उलट सांगते. निर्गम या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी आहेत. इब्री स्त्रियांना मुलगा झाला तर त्याला मारून टाका, असा फारोचा हुकूम होता. त्यांनी तो मानला नाही. कारण काय? त्या देवाचे भय बाळगणाऱ्या होत्या. त्या काळच्या सर्वांत बलाढ्य राजापुढे दोन सुइणी उभ्या राहिल्या. ज्याला एकाचेच भय आहे त्याला बाकी कोणाचे भय उरत नाही.

आपल्या वसईच्या मातीतले उदाहरण तर आपल्या समोरच आहे. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, जपानला गेले, काही काळ व्यापारी होते, पुढे फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. धर्मगुरू नव्हते. जपानी भाषा येत असल्यामुळे आपल्या बांधवांचे दुभाषी म्हणून काम करत. टोयोटोमी हिदेयोशी या शासकाच्या हुकमाने त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना पकडले गेले. कानाचा तुकडा कापला गेला. ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी एकूण 26 जणांना क्रुसावर मारले. नवव्या पायस पोप महोदयांनी 1862 साली त्यांना संत म्हणून घोषित केले. क्रूस समोर दिसत असताना त्यांना शारीरिक भीती वाटलीच नसेल असे आम्ही म्हणणार नाही. प्रभू येशूलाही गेथशेमनी बागेत व्याकूळ व्हावे लागले. पण प्रभूला गमावण्याचे भय त्याहून मोठे होते, म्हणून ते टिकले.

पावित्र्य संतांसाठी राखीव नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, पावित्र्याचे पाचारण सर्वांना आहे, यासाठी एक स्वतंत्र प्रकरणच दिले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2018 साली पावित्र्यावर प्रेषितीय बोधपत्र लिहिले, त्यात शेजारच्या घरात राहणाऱ्या साध्यासुध्या पवित्र माणसांची आठवण करून दिली. तेव्हा हे काम आपलेही आहे.

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. पहिली: मिस्सेला पाच मिनिटे आधी येऊन, मोबाईल बंद करून, टॅबरनॅकलपुढे सावकाश गुडघा टेकू या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मान लववावी. आपण कोणापुढे आलो आहोत हे शरीराला कळले की मनालाही कळते. दुसरी: रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला विचारू या, आज कोणी पाहत नसताना मी काय केले? तिसरी आणि सर्वांत कठीण: एक राहून गेलेला हिशोब चुकता करू या. थकलेली मजुरी, सरकलेला बांध, फसवून घेतलेली सही. पापनिवेदनाला अवश्य या, पण बांध तिथेच ठेवून येऊ नका.

आणि ज्यांना रात्री झोप लागत नाही, 'देव मला घेईल ना?' म्हणून ज्यांचा जीव घाबरा होतो, त्या आजीबाईंना आणि आजोबांना आमचे सांगणे वेगळे आहे. आपण नीट भ्यालात, पण चुकीच्या देवाला भ्यालात. काठीवाला देव नाहीच. वाट पाहणारा पिता आहे. दूरवर मुलगा दिसताच धावत येणारा. आपल्या घरी येऊन हे पुन्हा पुन्हा सांगण्यात आम्हाला कंटाळा नाही.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला पुढच्या वर्गात आम्ही एवढेच सांगणार आहोत: बाळा, ज्याच्यावर जीव जडतो त्याला गमावण्याचे भय आपोआप लागते. देवाविषयी तुला असे भय कधी वाटले तर घाबरू नकोस. ते वरदान पोहोचले असे समज.

प्रभू आपणा सर्वांना पवित्र करो.

प्रभूमध्ये आपले,
धर्मग्रामाचे धर्मगुरू