देव सोडले, लेकही सोडावी काय?



धरणगावातील एका नवदीक्षित घरची गोष्ट सांगतो. आखाजी चार दिवसांवर आली होती. आखाजीला खानदेशातली सासुरवाशीण माहेरी येते आणि तिला आणावयास भाऊ मुराळी म्हणून जातो, हे तुम्हांस सांगावयास नको. या घरच्या मुलाने मात्र जाण्यास साफ नकार दिला. बहिणीच्या सासरी अजून देव्हारा आहे, श्रावणात कानबाई बसते. त्यांनी देव सोडावेत, मगच आपला उंबरा ओलांडावा, असे त्याचे म्हणणे. एका कार्यकर्त्याने त्याला तसे बजावले होते. आई चुलीपुढे बसली होती. ती एवढेच बोलली, "देव सोडी दिन्हात, आते पोरले बी सोडी देऊ का?"

मुलाला अडाणी समजू नका. त्याची भीती खरी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. आखाजीला तर पितरांच्या नावाने घागर भरतात, आगारी टाकतात. हे आपल्या घरी बंद झालेच पाहिजे. मागल्या दाराने, लग्नकार्याच्या निमित्ताने आणि नातेवाइकांच्या भिडेपोटी जुने देव पुन्हा घरात येऊन बसतात, हे आपण अनेक घरी पाहिले आहे. पण त्या बावीस प्रतिज्ञा पुन्हा एकदा शांतपणे वाचा. काय पूजणार नाही, काय करणार नाही, हे त्यांत स्वच्छ सांगितले आहे. जे अजून पूजतात त्या आईबापांना, बहीणभावांना टाकून द्या, असे एकाही प्रतिज्ञेत नाही.

तसे सांगणारे पंथ जगात आहेत. अमेरिकेत एल. रॉन हबर्ड नावाच्या लेखकाने १९५०च्या दशकात सायंटॉलॉजी नावाचा पंथ काढला. पंथाचा जो विरोधक ठरेल, त्याला तेथे 'दडपणारा माणूस' असा शिक्का मारतात आणि अनुयायाने त्याच्याशी संबंध तोडावा, असा तेथला नियम आहे. मग तो विरोधक बाप असो की पोटचा मुलगा असो. १९६८ साली हा नियम मागे घेतल्याचे जाहीर झाले, परंतु १९८३ साली तो पुन्हा आला. पंथाचे चालक म्हणतात, संबंध तोडणे ही ज्याची त्याची मर्जी आहे. पंथ सोडून आलेले लोक सांगतात, आईशी बोललास तर तुलाही शिक्का बसेल, असे ज्याला सांगितले जाते, त्याची मर्जी उरतेच कोठे?

हे दूर अमेरिकेतले झाले. आपल्या मुंबईत दाऊदी बोहरा समाजात धर्मगुरूने बहिष्कृत केलेल्या माणसाशी त्याच्या घरच्यांनीही संबंध ठेवू नये, अशी तक्रार सुधारकांनी वर्षानुवर्षे केली. असगर अली इंजिनियर यांनी तर त्यासाठी जन्मभर लढा दिला. असे बहिष्कार बंद व्हावेत म्हणून मुंबई सरकारने १९४९ साली कायदा केला होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द ठरविला. ते एकटे मत सरन्यायाधीश सिन्हा यांचे होते. माणसाला वाळीत टाकून त्याची माणुसकी हिरावण्याचा प्रकार त्यांनी घटनेच्या सतराव्या कलमाशी, म्हणजे अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलमाशी नेऊन भिडविला. धर्मगुरूचा हुकूम आणि गावकुसाबाहेरचे जिणे यांतले नाते त्या न्यायाधीशाला दिसले. ते आपल्याला दिसू नये काय?

बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवावयास नको. १९२८ साली मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली, बाबासाहेब तिचे सभासद होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांची मजुरी कशी बंद होते, दुकानदार मीठमिरची देणे कसे नाकारतो, जाण्यायेण्याची वाट कशी अडविली जाते, हे तिच्या १९३०च्या अहवालात आले आहे. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्कार घालणे हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२च्या कायद्याचा दाखला दिला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एप्रिल २०१६ मध्ये संमत केला आणि तो २०१७ साली अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. एवढी वर्षे ज्याच्यासाठी झगडलो, ते हत्यार आता आपण आपल्याच बहिणीवर चालवावे काय?

कोणी अभ्यासू म्हणेल, तथागतांनीही छन्नाला ब्रह्मदंड दिला होता. खरे आहे. महापरिनिर्वाणापूर्वी त्यांनी आनंदाला सांगितले की, छन्नाला बोलायचे ते बोलू द्या, भिक्षूंनी मात्र त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेश करू नये. पण हा छन्न कोण? स्वतः होऊन संघाची शिस्त पत्करलेला आणि कोणाचे म्हणून न ऐकणारा भिक्षू. त्या मौनाने तो हादरला, साधनेला लागला, अर्हत झाला. आणि त्याच क्षणी दंड संपला, असे आनंदाने त्याला सांगितले. ती शिक्षा त्याला परत आणण्यासाठी होती. कोणा आईला तिच्या लेकीपासून तोडण्यासाठी तिचा आधार घेता येणार नाही.

गृहस्थांच्या बाबतीत तथागत कसे वागले, ते उपालीच्या कथेत पाहा. उपाली हा निगंठांचा बडा उपासक. तो तथागतांशी वाद घालावयास आला आणि त्यांचा अनुयायी होऊन बसला. आपल्या पंथातला कोणी पुढारी असता तर त्याने काय केले असते? लगेच पहिल्या गुरूंचे दार बंद करावयास लावले असते. तथागतांनी उपालीला आधी सांगितले की नीट विचार कर, घाई करू नकोस. आणि मग म्हणाले, तुझ्या घरी निगंठांना आजवर भिक्षा मिळत आली आहे, ती पुढेही मिळू दे. ज्याला आपल्या धम्माची खात्री आहे, त्याला दुसऱ्याच्या भिक्षेची भीती वाटत नाही.

याचा अर्थ प्रत्येक नाते कवटाळून बसावे, असा नाही. मारहाण करणारा नवरा, जातीवरून लेकरांना टोचून बोलणारा चुलता, पैशासाठी छळणारा व्याही यांच्यापासून दूर राहण्याचा हक्क सर्वांना आहे. तो निर्णय ज्याचा त्याने, सोसलेल्या दुःखावरून घ्यावा. मात्र ज्याने ते दुःख पाहिलेले नाही, अशा माणसाने सभेत उभे राहून 'तोडा' म्हणून सांगितले, तर त्याला विचारा: का? आणि किती दिवस? विचारल्याबद्दल तो रागावला, तर काय ते ओळखा.

धरणगावचा तो मुलगा शेवटी गेला. बहीण आली. घरी पितरांची घागर भरली नाही, आगारी टाकली नाही. पुरणपोळी आणि आमरस झाला, झोका बांधला. मेहुणा तिला न्यावयास आला तेव्हा पाणीही न पिता ओट्यावरूनच परतला. आता श्रावणात तिच्या सासरी कानबाई बसेल, तेव्हा हात न जोडता नुसते बहिणीला भेटून यावे की जाऊच नये, यावर त्या घरात अजून वाद चालू आहे.