सहावे चित्र

हार्वर्ड विद्यापीठाच्या होल्योक सेंटर या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर, एक जेवणाचे दालन होते. त्याच्या भिंतींसाठी मार्क रॉथ्को या चित्रकाराने सहा प्रचंड कॅनव्हास रंगवले. त्यांत ना माणूस, ना झाड. गर्द किरमिजी रंगावर दाराच्या चौकटींसारखे उभे आकार, एवढेच. १९६४ मध्ये तो स्वतः हार्वर्डच्या गावी, केंब्रिजला, आला आणि त्याच्या देखरेखीखाली पाच चित्रे भिंतींवर चढली. सहावे उरले.

दालनाला मोठमोठ्या खिडक्या होत्या. ऊन अडवायला पडदेही होते. ते ओढलेले असावेत एवढीच रॉथ्कोची अपेक्षा. पण बाहेरचा देखावा सुंदर. जेवायला बसलेल्यांना तो हवासा वाटे आणि पडदे उघडेच राहत. कुणाच्याही मनात वाईट नव्हते, म्हणूनच ही गोष्ट जास्त लागते. भिंतीला शोभेल असे चित्र सगळेच मागतात. चित्राला मानवेल असा उजेड आपल्या घरात आहे का, हे कोण पाहतो?

रॉथ्कोने वापरलेल्या रंगांत लिथॉल रेड नावाचा लाल होता. तो उन्हात तग धरत नाही, हे त्याला माहीत नव्हते. लाल उडत गेला, त्यात मिसळलेला निळा उरला. कुठे जास्त, कुठे कमी. एकमेकांसाठी रंगवलेली पाच चित्रे एकमेकांना परकी झाली. शिवाय खुर्च्यांचे धक्के, अन्नाचे शिंतोडे. १९७९ मध्ये ती उतरवून कोठारात ठेवली.

नव्याने रंगवावे तर रॉथ्कोचा हात कायमचा झाकला जाणार. चित्रांवर वार्निशही नव्हते. वर चढवलेला रंग पुन्हा निघालाच नसता. अखेर २०१४ मध्ये विद्यापीठाच्या संग्रहालयाने कॅनव्हासला स्पर्शही न करता वाट काढली. कुठे किती रंग उडाला याचा ठिपक्याठिपक्याने हिशेब मांडून प्रोजेक्टरमधून नेमका तेवढाच रंगीत प्रकाश चित्रांवर सोडला, आणि किरमिजी परत आला. रोज दुपारी चारला प्रोजेक्टर बंद होत, तेव्हा लोकांना खरी अवस्था दिसे.

पण मूळ रंग कोणता, हे ठरवले कशावरून? १९६४ मधली छायाचित्रे होती, पण त्यांचेही रंग उतरलेले. ते आधी सुधारून घ्यावे लागले. दुसरा साक्षीदार होता तो सहावा कॅनव्हास. त्या दालनात तो कधी लागलाच नव्हता, आणि त्याचा किरमिजी शाबूत होता.