अनेक विद्या, एक अमानत

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१२ साली ‘कला आणि विज्ञान’ हा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. देशोदेशींचे विद्यार्थी तेथे संस्कृती, आरोग्य व पर्यावरण, विज्ञान व अभियांत्रिकी आणि समाज या चार प्रवाहांतून एक मुख्य व एक दुय्यम प्रवाह निवडतात. जोडीला एक परकीय भाषाही शिकतात.

आपल्या घरातील मुलाने वा मुलीने अशा शिक्षणाची इच्छा व्यक्त केली, तर वडीलधाऱ्यांच्या तोंडी चटकन म्हण येते: एक ना धड, भाराभर चिंध्या. या शंकेत नोकरीची काळजी आहेच. पण तिच्या तळाशी एक नैतिक प्रश्नही आहे. ज्या विद्येत आपण आयुष्य वेचले नाही, तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो?

एक उदाहरण पाहू. मेंदूचे कार्य कायमचे थांबले आहे, पण यंत्राच्या आधाराने हृदय चालू आहे. अशा माणसाला मृत म्हणावे काय? वारसाहक्क, पत्नीची इद्दत, अवयवदान हे सारे या उत्तरावर अवलंबून असते. १९८६ साली अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने तज्ज्ञ डॉक्टरांच्या निर्वाळ्यावर अशा व्यक्तीस मृत मानण्याचा निर्णय दिला. पुढच्याच वर्षी मक्केतील राबिताच्या फिकह परिषदेने यंत्र काढण्यास अनुमती दिली. मात्र हृदय व श्वास थांबेपर्यंत शरीअतच्या दृष्टीने मृत्यू मानला नाही.

वैद्यकाने सांगितलेली वस्तुस्थिती एकच; निर्णय दोन. मेंदूची अवस्था काय आहे, हे डॉक्टर सांगतील. मृत्यू कशास म्हणावे, याचे उत्तर यंत्रावर उमटत नाही. फक्त वैद्यक जाणणाऱ्याला दुसरा प्रश्न दिसत नाही आणि फक्त फिकह जाणणाऱ्याला पहिल्याचे उत्तर देता येत नाही. दोघांची भाषा समजणारी माणसे समाजाला हवी आहेत. परंतु दोन्हींतले थोडे थोडे वाचून दोन्हीकडे निकाल देणारा मनुष्य अज्ञानी माणसाहून अधिक घातक ठरतो.

म्हणून अनेक विद्या शिकणाऱ्याने प्रत्येक विद्येचा पुरावा ओळखला पाहिजे. हदीसला सनद लागते, औषधाला चाचणी, गणिताला सिद्धता. एकीचे माप दुसरीला लावणे हा अन्याय आहे. अल-बिरूनी संस्कृत शिकला आणि सुमारे १०३० साली लिहिलेल्या ‘किताबुल हिंद’मध्ये त्याने हिंदू विद्वानांचे म्हणणे त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे मांडले. परक्या विद्येच्या दारात शिरण्याचा हा अदब होय. इमाम मालिक (रह.) यांनी तर आपल्याच विषयातील कित्येक प्रश्नांना ‘मला ठाऊक नाही’ असे उत्तर दिल्याचे चरित्रकार नोंदवतात.

पालकांनो, मुलांना किती विषय शिकणार, असे विचारू नका. कोणत्या एका विषयात खोल उतरणार आणि इतर विषयांत कोठे थांबून जाणत्याला विचारणार, हे विचारा. ज्याच्यापाशी या दोहोंचे उत्तर आहे, त्याला निश्चिंत मनाने निरोप द्या. ज्ञान ही अमानत आहे, आणि तिचा हिशेब विषयांच्या संख्येवर होणार नाही.

अल्लाह आपणा सर्वांना लाभदायक ज्ञान प्रदान करो. आमीन.